तडकलेलं हूड : जुन्या स्नोमोबाइलच्या प्लॅस्टिकची दुरुस्ती आणि रंगकाम



आजचा विषय वाचून एक-दोघांनी आत येतानाच विचारलं, "बर्फावरच्या स्कूटरचं झाकण, त्यावर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण हे झाकण, म्हणजे हूड, तडकलं की जुनं यंत्र चालवणाऱ्याची झोप उडते. इंजिनाचे भाग आजही मिळतात किंवा करून घेता येतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या मॉडेलचं हूड मात्र बहुतेक वेळा मिळत नाही. साचे केव्हाच मोडीत गेले, आणि कारखानाही बंद झालेला असू शकतो. हातात आहे ते हूड वाचवणं, एवढाच मार्ग उरतो. तो कसा, आणि आम्ही तो शिकताना काय बिघडवलं, ते आज सांगतो.

आधी यंत्राची ओळख. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर लांब सीट. आपल्यापैकी काहींनी गुलमर्गला त्यावर फेरी मारली असेल. सियाचिनमध्ये आपलं लष्कर ज्याला स्नो स्कूटर म्हणतं, ते हेच. त्याची जन्मभूमी मात्र कॅनडातला क्वेबेक प्रांत आणि अमेरिकेतला मिनेसोटाचा उत्तर भाग. क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावच्या जोसेफ-आर्मान्ड बॉम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला. बर्फाने रस्ते बंद होते आणि त्याला इस्पितळात नेता आलं नाही. बर्फावर चालणारं वाहन करायचा ध्यास त्यांना त्याआधीपासूनच होता, पुढे तो त्यांचा जन्मभराचा उद्योग झाला. त्यांची छोटी, एक-दोन माणसांची 'स्की-डू' १९५९ मध्ये बाजारात आली. इकडे मिनेसोटात रोझो गावी पोलारिसच्या मंडळींनी त्याआधीच आपलं पहिलं यंत्र केलं होतं. त्यांच्यातलेच एडगर हेटीन १९६० मध्ये बाहेर पडले आणि थीफ रिव्हर फॉल्स इथे त्यांनी जी कंपनी काढली ती पुढे आर्क्टिक कॅट झाली. १९७० च्या आसपास या यंत्रांची अशी लाट आली की शंभराच्या वर कंपन्या ती बनवत होत्या. मग लाट ओसरली आणि बहुतेक कंपन्या बुडाल्या. यंत्रं मात्र गोठ्यांत, कोठारांत, ताडपत्रीखाली तशीच पडून राहिली. आज लोक बाहेर काढतात ती हीच.

हूड कशाचं आहे?

दुरुस्तीतला पहिला प्रश्न हा. आणि आपल्या भाषेने आपल्याला इथेच फसवलेलं आहे. आपण कुठल्याही दणकट प्लॅस्टिकला "फायबर" म्हणतो. फायबरची खुर्ची, फायबरची टाकी, फायबरचं बंपर. त्यातलं खरं फायबरग्लास किती, हे कोणी बघत नाही. स्नोमोबाइलच्या बाबतीत हा फरक फार महागात पडतो.

साठच्या दशकातली आणि सत्तरच्या सुरुवातीची पुष्कळ हूडं खरोखरच फायबरग्लासची आहेत, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि त्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. पुढे तापवून साच्यात ओढलेलं किंवा ओतलेलं प्लॅस्टिक आलं : एबीएस, पॉलिकार्बोनेट, पॉलिएथिलीन. एबीएस म्हणजे साधारणपणे हेल्मेटच्या किंवा प्रवासी बॅगेच्या कवचाचं प्लॅस्टिक. पॉलिकार्बोनेट म्हणजे वीस लिटरचे पाण्याचे जार ज्याचे असायचे ते. पॉलिएथिलीन म्हणजे आपली बादली आणि गच्चीवरची काळी टाकी.

हल्लीच्या प्लॅस्टिकवर नाव छापलेलं असतं, जुन्यावर ते बहुधा सापडत नाही. म्हणून आपण तीन सोप्या चाचण्या करतो.

पहिली, आतली बाजू बघायची. फायबरग्लास आतून खरखरीत असतं, धागे दिसतात. साच्यातलं प्लॅस्टिक दोन्ही बाजूंनी एकसारखं असतं.

दुसरी, आतल्या कडेची नखाएवढी कपची काढून पाण्यात टाकायची. पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घाला, नाहीतर कपचीला बुडबुडे चिकटतात आणि निकाल चुकतो. तरंगली तर पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. एबीएसची घनता साधारण १.०५, ते सावकाश बुडतं. पॉलिकार्बोनेटची १.२, ते सरळ तळाला जातं.

तिसरी, कान कोरायच्या कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोनचा एक थेंब घेऊन आतल्या, न दिसणाऱ्या जागी टेकवायचा. एबीएस लगेच चिकट होतं. पॉलिएथिलीनला काहीच होत नाही, पक्क्या झालेल्या फायबरग्लासलाही तेवढ्यात काही होत नाही. पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडतं आणि त्यावर केसासारख्या रेषा उठतात. एवढ्यासाठीच थेंब एकच आणि तोही आतून. काही जण कपची जाळून वासावरून ओळखतात. आम्ही तो सल्ला देत नाही, तो धूर छातीत घेण्यासारखा नसतो.

तडा का जातो?

एकदम आघात झाला, झाडाला धडकलं, तर तडा जाणारच. पण निम्म्याहून अधिक हूडं आमच्याकडे आली ती कुठेही न धडकलेली. त्यांची कारणं वेगळी.

एक, ऊन. बर्फातलं यंत्र आणि ऊन कसलं, असं वाटेल. पण ही यंत्रं वर्षाचे आठ महिने अंगणात उभी असतात. एबीएसमध्ये कडक प्लॅस्टिकात रबराचे बारीक कण विखुरलेले असतात आणि त्यांच्यामुळेच ते धक्का सोसतं. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू आधी त्या रबरालाच खातात. वरचा पातळ थर ठिसूळ होतो, आतलं प्लॅस्टिक अजून बरं असतं. पण तडा वरच्या थरात सुरू झाला की तो आतही उतरतो. काच फुटताना फरशीही तडकावी, तसंच.

दोन, तापमान. एक मीटर लांबीचं एबीएस उणे ३० वरून अधिक ३० अंशांवर आणलं तर ते सुमारे ५ मिलिमीटर वाढतं. तेवढंच पोलाद वाढतं पाऊण मिलिमीटर. आता ते हूड लोखंडी चौकटीला चार बोल्टनी आवळून टाका. दर हिवाळ्यात ते आक्रसणार आणि बोल्ट त्याला आक्रसू देणार नाहीत. ताण जाणार भोकाच्या कडेला. म्हणून तडे बहुधा बिजागरी, लॅच आणि दिव्याच्या चौकटीपाशी सुरू झालेले दिसतात.

तीन, थरथर. टू-स्ट्रोक इंजिनाची थरथर मिनिटाला हजारो वेळा तोच ताण तिथेच देत राहते.

आता तडा एकदा सुरू झाला की पुढे का पळतो? याचं गणित इंग्लिस नावाच्या इंजिनिअरने १९१३ मध्ये मांडलं. पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल असेल, ताणाच्या आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब, तर टोकाशी ताण एकवीसपट होतो. आणि तडा म्हणजे लांबीच्या मानाने रुंदी जवळजवळ शून्य असलेलं भोक. म्हणजे तड्याच्या टोकाला तीन हा आकडा फार सुखाचा आहे. दुरुस्तीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम यातूनच निघतं : तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं. आणखी एक भोक पाडून हूड वाचतं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आहे असंच.

आमची चूक

हे आम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं असं नाही. आम्ही मिनेसोटात गराजमध्ये हौसेने हे काम सुरू केलं, तेव्हा शेजारच्या गावातले एक वयस्कर शेतकरी आजोबा आपल्या वडिलांचं यंत्र घेऊन आले. पिवळं हूड, उजवीकडे वीतभर तडा. आम्ही म्हटलं, फायबर आहे, काही काळजी करू नका. आतून काचेच्या चटईचे चार थर, भरपूर रेझिन, बाहेरून लांबी, वर झकास पिवळा रंग. ऑक्टोबरात आजोबा खूश होऊन गेले.

जानेवारीत पारा उणे ३० च्या खाली गेला आणि त्यांचा फोन आला. आमचं ठिगळ जसंच्या तसं होतं, दगडासारखं. पण ठिगळाच्या कडेकडेने नवा तडा गेला होता आणि तो थेट दिव्याच्या चौकटीपर्यंत पोहोचला होता. जुना तडाही ठिगळाच्या पुढे चार बोटं सरकला होता, कारण त्याचं टोक आम्ही शोधलंच नव्हतं. हूड एबीएसचं होतं. त्याच्या पोटाला आम्ही दगड बांधला होता. सगळं हूड लवणार, आक्रसणार, आणि मध्ये एक जागा लवायला तयार नाही. मग जिथे मऊ संपतं आणि कडक सुरू होतं, तिथेच ते मोडणार.

आजोबा रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. "दुसरं मिळणार नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. नव्हतंच मिळणार. पुढचं सगळं त्या हूडावर शिकलेलं आहे.

दुरुस्ती, क्रमाने

पहिलं काम धुणं. पन्नास वर्षांचं तेल आणि पट्ट्याची काळी धूळ आतून बसलेली असते. आधी साबणाचं पाणी, मग प्लॅस्टिकला चालणारं मेणकाढू द्रावण. घासण्याच्या आधी धुवायचं, नंतर नाही. नाहीतर पॉलिशपेपर तेच तेल प्लॅस्टिकमध्ये रगडून बसवतो.

दुसरं, तड्याचं खरं टोक शोधणं. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढेही तडा असतो. मागून बॅटरीचा उजेड धरा, हूड हलकेच वाकवा, गडद शाई लावून पुसून घ्या. शाई तड्यात राहते आणि केसाएवढी रेषा दिसते. ती संपते तिथे भोक. भोकाच्या कडा पेपरने गुळगुळीत करायच्या, चरा राहिला तर तोच पुढचा तडा.

तिसरं, जुळवणी. बाहेरून चिकटपट्टी आणि क्लॅम्प लावून दोन्ही कडा एका पातळीत आणायच्या. जोर लावून आणाव्या लागत असतील तर थांबा. हूड वाकलेलं आहे, आधी त्याला सावकाश ऊब देऊन आकारात आणा. ताणात बसवलेला सांधा ताणातच राहतो.

चौथं, सांधणं. इथे प्लॅस्टिकप्रमाणे वाटा फुटतात.

फायबरग्लास असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंनी आतून उतार घासायचा, जाडीच्या किमान दहापट लांब. मग चटईचे तुकडे लहानावर मोठा असे चढवत जायचे, म्हणजे कडेला जाडी एकदम संपत नाही. पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर साधारण १ ते २ टक्के लागतं, डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. हे हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, चष्म्याशिवाय डबा उघडायचा नाही.

एबीएस असेल तर काम एबीएसनेच करायचं. आतून इंग्रजी 'व्ही'सारखी खाच पाडून एबीएसच्या काडीने गरम हवेवर वेल्डिंग करता येतं. किंवा एबीएसचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्याची खळ करायची आणि ती खाचेत पातळ थरांनी भरायची. खळीचा फायदा असा की ती मूळ प्लॅस्टिकशी एकजीव होते. तोटा असा की द्रावक उडून जाईल तशी ती आक्रसते आणि आतून मऊ राहते. दोन थरांमध्ये एक दिवस, आणि शेवटच्या थरानंतर किमान आठवडाभर हात लावू नका. घाई केली तर रंगाखालून तड्याची रेषा पुन्हा भुतासारखी वर येते. आतून आधार हवाच असेल तर पातळ कापडाचा एखादा थर आणि लवचीक इपॉक्सी. कडा उतरत्या ठेवायच्या. हूड जितकं लवतं तितकंच ठिगळ लवलं पाहिजे.

पॉलिकार्बोनेटला अ‍ॅसिटोन आणि थिनर वर्ज्य. तिथे प्लॅस्टिकसाठीचा दोन भागांचा चिकटवा, तोही आधी कपचीवर आजमावून. पॉलिएथिलीनला तर साधा चिकटवा धरतच नाही. बादली चिकटवायचा प्रयत्न कोणी केला असेल त्याला हे सांगायला नको. तिथे त्याच जातीच्या काडीने वेल्डिंग करायचं.

पाचवं, कारण दूर करणं. हे बहुतेक जण विसरतात. बोल्टची भोकं थोडी लंबगोल करायची, रबरी वॉशर घालायचे, बोल्ट हाताला लागेल इतपतच आवळायचे. इंजिनाचे झिजलेले रबरी माउंट बदलायचे. हे केलं नाही तर दुरुस्ती कितीही सुरेख असो, तडा परत येतो.

रंगकाम

रंग उन्हाळ्यात करावा. हिवाळ्यात गराजमधली हवा तापवली तरी हूड स्वतः थंड असतं. त्यावर दव धरतं आणि इपॉक्सी नीट पिकत नाही. हवा आणि वस्तू दोन्ही वीस अंशांच्या आसपास हवीत.

घासणं टप्प्याटप्प्याने : सांध्यावर १८० नंबरचा पेपर, मग ३२०, शेवटी सगळ्या हूडावर ४०० ते ६००. लांबी भरायची तर प्लॅस्टिकसाठीची लवचीक, आणि कमीत कमी. जाड लांबी थंडीत स्वतःच तडकते. पेपर एखाद्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून फिरवा. बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा पडतात आणि त्या चकचकीत रंगातच दिसतात. त्याआधी वरून काळ्या रंगाचा पुसट फवारा मारून घासलं, तर खड्ड्यात काळं शिल्लक राहतं आणि खड्डा आपोआप कळतो.

प्रायमर प्लॅस्टिकवर धरणारा हवा. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीनच्या जातीवर आधी चिकट वाढवणारा खास थर लागतो, आणि तरीही पॉलिएथिलीनवर रंग फार काळ टिकेल अशी हमी आम्ही देत नाही. एबीएसवर तीव्र थिनरचा ओला थर कधीही मारू नका. ताणात असलेल्या जागी ते बारीक रेषांनी भरून जातं. पातळ, अर्धवट सुके थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. रंगात लवचीकपणा देणारं मिश्रण घालायला विसरू नका.

शेवटचा पारदर्शक थर दोन भागांचा असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उठतो. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर हूड प्रायमरपर्यंत स्वतः आणा आणि वरचा रंग गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्या. त्यात कमीपणा नाही. आम्हीही तेच करतो.

रंगाची छटा ठरवताना बाहेरचा रंग बघू नका, तो उन्हाने विटलेला असतो. दिव्याच्या चौकटीखाली किंवा जुन्या स्टिकरखाली मूळ रंग सापडतो, तो दाखवून रंग जुळवून घ्या. आणि घासायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक अक्षराचा, पट्ट्याचा फोटो काढा, कडेपासूनचं अंतर मोजून लिहा. त्यावरून नवी स्टिकर कापून घेता येतात.

रंगवावं की नाही?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. आजोबांच्या हूडावर नोंदणीची जुनी स्टिकर एकावर एक चिकटवलेली होती. पहिल्या वेळी आम्ही तडा उजवीकडे होता म्हणून उजवी बाजू खरवडून काढली. त्यांना विचारलंही नाही. दुसऱ्या वेळी डावी बाजूही घ्यावी का, म्हणजे दोन्हीकडे रंग सारखा दिसेल, असं विचारलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ती राहू दे." प्रत्येक स्टिकर म्हणजे त्यांच्या वडिलांनी ते यंत्र चालवलेला एकेक काळ होता.

तड्याला उलट फिरवता येत नाही, तसंच घासण्यालाही. तडा सांधणं यंत्राच्या आयुष्यासाठी गरजेचं असतं. आतला पट्टा आणि क्लच भरधाव फिरत असतो, त्यावरचं झाकण धड असलंच पाहिजे. रंग मात्र गरजेचा असेलच असं नाही. दोन्ही निर्णय एकाच दमात घेऊ नयेत, एवढं आम्ही शिकलो.

ते हूड आता उजवीकडे नवं पिवळं आणि डावीकडे विटकं, स्टिकरांनी भरलेलं आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही. तडा मात्र पुढे सरकलेला नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "हेच आपल्या स्कूटरच्या प्लॅस्टिकला चालेल का?" तत्त्व तेच : प्लॅस्टिक ओळखा, टोकाला भोक पाडा, ठिगळ मऊ ठेवा. स्कूटरचे पुष्कळसे भाग एबीएसचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. आत कुठेतरी नाव छापलेलं असतं, ते आधी बघा.

दुसरा प्रश्न, "फेव्हिक्विकने का नाही?" बारीक कपची जागेवर धरून ठेवायला आम्हीही तसलं गोंद वापरतो. पण ते पिकल्यावर ठिसूळ होतं. जिथे थरथर आणि थंडी आहे, तिथे ते पहिलं सुटतं. जुळवणीपुरतं ठीक आहे, सांध्यासाठी नाही.

तिसरा, "नवं हूड साच्यातून करून घेता येत नाही का?" येतं. धड हूड उसनं मिळालं तर त्याच्यावरून साचा काढून फायबरग्लासचं नवं करतात. पण त्यासाठी कोणाचं तरी एक मूळ हूड शाबूत असावं लागतं. म्हणून तुमच्या ओळखीत कोणाकडे तडकलेलं जुनं हूड असेल, तर ते टाकून देऊ नका, असं त्यांना सांगा. बाकी सगळं नंतर शिकता येतं.